यू-कोड दिसला म्हणून लगेच मॉड्यूल बदलू नका

गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर यू०१०० हा यू-कोड, म्हणजे संपर्कदोषाचा कोड आला, म्हणजे इंजिनाचे मॉड्यूल (त्याचा नियंत्रक संगणक) निकामी झाले असे नव्हे. त्याच्याशी संपर्क तुटल्याची नोंद दुसऱ्या मॉड्यूलने केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आधी सर्व मॉड्यूल स्कॅन करून कोणते उत्तर देत नाही ते पाहा. एकच गप्प असेल, तर त्याचा फ्यूज, पुरवठा आणि अर्थिंग तपासा. माझ्या अनुभवात दोष बहुधा तिथेच सापडतो.

सगळीच गप्प असतील, तर बॅटरीची तार काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतो त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांच्या कॅन वाहिनीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर समांतर जोडलेला असल्यामुळे सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा संपर्क तुटला आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींशी शॉर्ट आहेत. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतल्या वाहिनीच्या मध्ये गेटवे, म्हणजे संदेश पुढे पाठवणारे मॉड्यूल असते आणि तिथे हा आकडा आतल्या वाहिनीबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून वायरिंग डायग्राम पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. शॉर्ट असल्यास मीटर जोडलेला ठेवून एकेका मॉड्यूलचा कनेक्टर काढा. कोणत्याही कनेक्टरने आकडा वर आला नाही, तर दोष तारांच्या जुडग्यात शोधा.