गांडुळांना ओला कचरा देण्याआधी

गांडूळखताचा डबा आणलात, गांडुळं सोडलीत, छान केलंत. आता घाई करू नका. पहिले 8-10 दिवस त्यांना नारळाच्या भुश्शात रुळू द्या, मग मूठभर कचऱ्यापासून सुरुवात करा.

गांडुळाला दात नसतात. कचरा आधी जिवाणू-बुरशीने मऊ पडतो, मगच तो त्याच्या पोटात जातो. म्हणून कोबीची पानं, दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या विळीवर बोटाच्या पेरापेक्षा बारीक चिरा आणि चाळणीत एक रात्र निथळत ठेवा. कलिंगडाची सालं तर नक्कीच, त्यांचं पाणी डब्यात उतरलं की वास सुटलाच म्हणून समजा. फ्रीजरमध्ये जागा असेल तर एक दिवस गोठवून, पुन्हा साध्या तापमानाला आणून घाला. लवकर कुजतं आणि चिलटांची अंडीही बरीचशी मरतात.

चहाचा चोथा त्यांना फार आवडतो, पण आपल्या चहात दूध-साखर असते, तेव्हा तो दोनदा धुवा. मी सुरुवातीला न धुताच टाकला. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आतून मुंग्यांची रांग लागलेली आणि गांडुळं कडेला चढलेली. फार वाईट वाटलं.

फोडणीची उरलेली भाजी, लोणचं, मासळी अजिबात नको. लिंबाची सालं, कांदा-लसूणही टाळा. अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमधून पूड करा, चिमूटभर पुरते. कचरा एका कोपऱ्यात पुरा, वर सुका पाला पसरा. पुरलेला कचरा दिसेनासा झाला की मगच पुढचा घास.