बारावी पीसीबी, नीट पुन्हा द्यायची नाही, बी.एस्सी. मायक्रो की बायोटेक, पगार कशात चांगला?

बारावीला गणित घेतलेलं नाही, असंही तुम्ही प्रश्नात लिहिलंय. ते महत्त्वाचं आहे, पुढे येतोच त्यावर.

आधी हे की, या दोन पदव्यांमुळे पगारात फारसा फरक पडत नाही. नुसत्या बी.एस्सी.वर दोन्हीकडून वाट जाते ती औषध किंवा अन्न कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये. मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) बनवा, प्लेटा ओता, जिवाणूंच्या वसाहती मोजा, रजिस्टर भरा, शिफ्ट करा. कामात कमीपणा काही नाही, पण ते करू शकणारी मुलं दरवर्षी ढिगाने बाहेर पडतात, त्यामुळे पगार रेंगाळतो. एम.एस्सी. केली की आपोआप सुटका होते, हाही भ्रमच. पैसे मिळतात ते बायोलॉजीला दुसरं काहीतरी जोडणाऱ्यांना: संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग, औषध नियमन किंवा पेटंट कायदा.

आता गणित. बायोटेकचं बी.टेक. हवं असेल तर बहुतेक ठिकाणी ते लागतं. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा पीसीबीवाल्यांना देता येते, पण तिच्या ६० प्रश्नांत १५ गणिताचे असतात. ते सोडले तर २४० पैकी ६० गुण गेलेच. आणि तिथून पुढची संशोधनाची वाट लांबची आहे. नेट-जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीत सध्या दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, पण खरी नोकरी पीएच.डी.नंतरच. गोडी असेल तरच जा, पगारासाठी नको.

गणित नसताना मला सर्वांत व्यवहार्य वाटतं ते बी.फार्म. सीईटीच्या पीसीबी ग्रुपमधून प्रवेश, चार वर्षं. पुढे रेग्युलेटरी अफेअर्स (औषधांच्या सरकारी मंजुरीची कागदपत्रं) किंवा फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं). दुसऱ्यात शिरकाव सोपा असतो, पण त्यातलं केस प्रोसेसिंग, म्हणजे दुष्परिणामाची एकेक तक्रार नोंदवणं, तेच ते असतं आणि ते यंत्राकडे चाललंय. तिथे दोन-तीन वर्षांहून जास्त रुतू नका.

बी.एस्सी.च करायची असेल तर क्लिनिकल प्रोग्रॅमिंग नीट बघा. औषधचाचणीचा कच्चा डेटा सीडिस्क या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या ठरलेल्या साच्यात बसवायचा (आधी नोंदींसाठी एसडीटीएम, मग विश्लेषणासाठी एडॅम) आणि त्यातून तक्ते काढायचे. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए डेटा याच साच्यात मागते, म्हणून मागणी टिकून आहे. या कामात वापरतात ते सॅस हे सॉफ्टवेअर शिकायला विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन आवृत्ती फुकट आहे आणि सीडिस्कचा नमुना डेटाही गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खुला आहे. लाखभर रुपये घेऊन नुसतं सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासच्या नादी लागण्याआधी हे दोन वापरून बघा.

मुलाखतीत मुलं कुठे अडकतात, त्याचं एक उदाहरण. रुग्णाला पहिला डोस १२ मार्च २०२४ ला दिला. त्रास कधी सुरू झाला, तर नोंद फक्त "मार्च २०२४". एसडीटीएममध्ये ते २०२४-०३ असंच ठेवायचं, दिवस मनाने घालायचा नाही. एडॅममध्ये मात्र दिवस भरावा लागतो आणि तो कसा, हे विश्लेषण आराखड्यात लिहिलेलं असतं. महिना डोसचाच असेल तर सहसा डोसचीच तारीख धरतात आणि दिवस भरलेला आहे अशी खूण शेजारच्या रकान्यात करतात. नवखा माणूस सरसकट १ तारीख घालतो. मग तो त्रास औषधाच्या आधीचा ठरतो आणि दुष्परिणामांच्या तक्त्यातून गायब होतो. शंकेचा फायदा औषधाला द्यायचा नसतो, ही समज बायोलॉजीवाल्याला पटकन येते. नुसत्या कोडरला ती शिकवावी लागते.

पेटंटची वाट कमी लोकांना ठाऊक असते. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची कुठलीही पदवी आणि २१ वर्षं वय पुरतं. दोन पेपर आणि तोंडी. प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात. पेटंटचा मसुदा लिहायचा म्हणजे इंग्रजी मात्र पक्कं हवं.

कॉलेज निवडताना नावापेक्षा एक गोष्ट विचारा: मायक्रो किंवा बायोटेकसोबत संख्याशास्त्र मायनर (जोडविषय) म्हणून मिळेल का, आणि त्याला बारावीचं गणित लागतं का? माहितीपत्रकात विषय छापलेला असतो आणि प्रवेश झाल्यावर "वेळापत्रक जुळत नाही" म्हणतात. त्यामुळे फी भरण्याआधी विभागप्रमुखांकडूनच विचारून घ्या.