भाषा चांगली असूनही निबंधात आठपैकी तीनच का? (दहावी, मराठी कुमारभारती)

ताई, तुम्ही टाकलेला तुमच्या लेकीचा निबंध दोनदा वाचला. पूर्वपरीक्षेतला विषय ‘किनाऱ्यावरील होडीचे मनोगत’, बाईंचा शेरा ‘विषय सुटला’. शुद्धलेखन उत्तम, अक्षरही सुरेख. पण पहिल्या चार ओळी होडी बोलते आणि मग गायबच होते. पुढे सगळी मच्छीमारांची परवड, डिझेलचे भाव, सरकारने काय करायला हवं. थेट शेवटी होडी परत येऊन निरोप घेते. मागितलं होतं आत्मकथन, पोरीने लिहिलं वैचारिक. बाईंनी तीन दिले, मी कदाचित साडेतीन दिले असते.

मी देवगडपासून गुहागरपर्यंतच्या शाळांत मराठी शिकवलं, पेपरही पुष्कळ तपासले. आपल्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, पोरं हुशारच आहेत. त्यांचे गुण जातात ते प्रश्न नीट न वाचल्यामुळे. कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनाच्या शेवटी लेखनकौशल्याची कृती असते. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन, यांतलं कोणतंही एक, 8 गुणांना. मुलं ‘समुद्र आहे ना, मग हे मला येतं’ म्हणून विषय निवडतात. निवडायचा असतो प्रकार. आपल्याला गोष्ट रंगवता येते की मुद्दा मांडता येतो, ते ज्याचं त्याने आधी ओळखावं.

आत्मकथनात ‘मी’ म्हणजे ती वस्तू, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. शिवाय त्या वस्तूला जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं तेवढंच तिने सांगायचं. होडीला मासेमारीचं धोरण कसं ठाऊक असणार? पण तिला ओढून वर घेणारे हात ठाऊक असतात. 1 जूनला यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारीबंदी लागते, त्याच्या आगेमागे तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप चढतात आणि झापांखालच्या अंधारात ती पाऊस ऐकत पडून असते. जाळ्यात आज बांगडा किती आला ते तिला वजनावरून कळतं. डिझेलचा मुद्दा लेकीला सोडवत नसेल तर तोही आणता येतो: ‘हल्ली मालक पंपावरची पावती बघतो आणि बराच वेळ माझ्या काठावर गप्प बसून राहतो.’ झालं! महागाईही आली आणि होडीही बोलत राहिली. असं एक वाक्य दिसलं की तपासणाऱ्याची मान आपोआप डोलते. बरेचदा विषयासोबत चौकटीत काही मुद्दे दिलेले असतात. ते सगळे घ्यावेत, पण दिलेल्याच क्रमाने घ्यायला हवेत असं नाही.

प्रसंगलेखनात गोंधळ वेगळा. तिथे पुष्कळदा एखाद्या कार्यक्रमाची सूचना छापलेली असते, त्यात स्थळ, वेळ, पाहुणे सगळं असतं, आणि तुम्ही तिथे हजर होतात असं समजून लिहायला सांगतात. मुलं चक्क बातमी लिहितात: ‘येथील विद्यालयात समारंभ उत्साहात पार पडला.’ बातमीलेखन त्याच कृतिपत्रिकेत वेगळं विचारलेलं असतं हो! बातमीत ‘मी’ नसतो, प्रसंगात त्याच्यावाचून चालत नाही. काळ भूतकाळ, आणि अवधी जितका लहान तितकं बरं. कुणकेश्वरची जत्रा हा विषय आला तर घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचं सगळं लिहू नये. गर्दीत धाकट्या भावाचा हात सुटला आणि पुन्हा सापडला, एवढ्या मिनिटांत अख्खी जत्रा दाखवता येते.

वैचारिकात बाजू घ्यावी लागते. ‘किनाऱ्यावरचे पर्यटन’ म्हटलं की दहातली नऊ मुलं फायदे-तोटे मांडतात आणि ‘नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणून मोकळी होतात. मला ते वाक्य वाचवत नाही. आपलं म्हणणं पहिल्याच परिच्छेदात सांगावं, मग जवळचा पुरावा द्यावा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, घरच्यांना चार पैसे मिळतात. उलट बाजूला, वाळूत गाड्या घालणारे पर्यटकही आपण बघतो. विरोधी मुद्दा एक घ्यावा आणि त्याला उत्तर द्यावं. इथे ‘मी’ आला तर मत सांगण्यापुरता.

शाळेच्या चाचण्यांत कधी वर्णनात्मक किंवा ‘पाऊस पडलाच नाही तर’ असले कल्पनाप्रधान विषयही असतात. कल्पनाप्रधानात विषयातली ‘तर’ची अट शेवटपर्यंत पाळली की पुरे.

निबंधांचं पुस्तक पाठ करून घेऊ का, असं विचारलंयत. नको. पाठ केलेला निबंध दुसऱ्या वाक्याला ओळखू येतो. त्यापेक्षा एक विषय द्या, समजा ‘एसटी स्थानक’, आणि तिन्ही प्रकारांतला फक्त पहिला परिच्छेद लिहायला सांगा. तीन तासांत 80 गुण म्हणजे 8 गुणांच्या वाट्याला साधारण 18 मिनिटं येतात. त्यातली पहिली दोन कच्चे मुद्दे काढण्यात गेली तरी चालतील.

आणि मालवणी वापरावी का? निवेदन प्रमाण मराठीत ठेवावं. पात्राच्या तोंडी, अवतरणचिन्हांत, ‘वायच थांब रे झिला’ असं एखादं वाक्य आलं तर मी तरी कधी गुण कापले नाहीत. पानभर मालवणी मात्र नको, पेपर तपासणारा घाटावरचाही असू शकतो.