संगणक-शंका: सपोर्टला नेमके कोणते लॉग पाठवायचे?

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमधला बिलिंगचा कॉम्प्युटर (विंडोज ११) मधूनच आपोआप रीस्टार्ट होतो. सपोर्टवाले ‘लॉग पाठवा’ म्हणतात. स्क्रीनचा फोटो पाठवला तर चालत नाही म्हणे. काय पाठवू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लॉग म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी. फोटोत एखादीच नोंद दिसते, त्यांना आगेमागेच्या नोंदीही लागतात. स्टार्टवर राइट-क्लिक करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टिम’ निवडा, ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये शेवटचे ७ दिवस घ्या आणि ‘सेव्ह फिल्टर्ड लॉग फाइल ॲज’ करा. फाइल ईव्हीटीएक्स प्रकारचीच ठेवा. शेजारच्या ‘क्लिअर लॉग’ला मात्र हात लावू नका, सगळा पुरावाच जाईल.

त्यात ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद दिसली की लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. तिच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेककोड’ (विंडोज क्रॅश झाल्याचा एरर क्रमांक) ० असेल, तर आधी यूपीएस आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा) तपासा. वेल्डिंग मशीन त्याच लाइनवर असेल तर संशय तिथेच. आकडा ० नसेल, तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं ‘मिनीडम्प’ हे फोल्डर बघा, क्रॅशच्या वेळी साठवलेल्या डम्प फाइली त्यात असतात. त्यातल्या फाइली जागेवरच झिप करायला गेलात तर परवानगी नाकारली जाते. आधी डेस्कटॉपवर कॉपी करा.

सोबत रीस्टार्टची तारीख-वेळ लिहा. डम्पमध्ये मेमरीतले तुकडे असतात, म्हणून हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, थेट तक्रारीच्या तिकिटालाच जोडा.