लँडिंगवरचं चित्र खालच्या पायरीवरून ठरवा

नमस्कार ताई,

पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्या नव्या रो-हाऊसचं सगळं वर्णन वाचलं. जिन्याच्या मधल्या वळणावरच्या लँडिंगची भिंत साडेसहा फूट रुंद, भिंतीकडे तोंड केलं की डाव्या हाताला पश्चिमेची खिडकी, तुम्हाला हव्यात सात-आठ छोट्या फ्रेम आणि सासूबाईंना हवाय देवाचा फोटो. मी पंचवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि नात्यागोत्यातल्या बऱ्याच घरांत चित्रं टांगून दिली, त्यावरून सांगते.

आधी खाली या आणि पहिल्या पायरीपाशी उभ्या राहा. बहुतेकजण लँडिंगवरच उभं राहून भिंतीची मापं घेतात. पण तिथे आपण थांबतो किती? दोन पावलं टाकून वळतो. चित्र खरं दिसतं ते चढताना आणि उतरताना. मजल्याची उंची दहा फूट धरली तर लँडिंग पाच फुटांवर येतं. म्हणजे खाली उभ्या माणसाची नजर जेमतेम लँडिंगच्या फरशीच्या पातळीत असते. शिवाय वर जाणाऱ्या पायऱ्या आणि त्यांचा स्लॅब अर्धी भिंत झाकतात. भिंतीच्या बरोबर मध्यावर टांगलेलं चित्र खालून अर्धंच दिसतं. माझ्या बहिणीकडे हेच झालं. पाहुण्यांना फक्त होडीचं टोक दिसायचं, नदी जिन्याआड.

म्हणून चित्र मध्यावर नको, ज्या पायऱ्यांनी आपण चढून येतो त्या बाजूच्या अर्ध्या भागात घ्या. वरून उतरताना पूर्ण भिंत दिसतेच, तेव्हा काही बिघडत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर ठेवायचा नियम तुम्हीही वाचला असेल. लँडिंगवर मी तो ५३-५४ इंचांवर आणते. त्याहून खाली मात्र नको. कपाट, गाद्या त्याच वळणावरून वर जातात आणि पहिला धक्का फ्रेमला बसतो.

छोट्या फ्रेमचा हट्ट सोडा, असं मनापासून सांगते. जिन्यात नजर पायरीवर हवी, विशेषतः सासूबाईंची. आठ चित्रं बघायला माणूस मान वळवून रेंगाळतो. त्यापेक्षा फ्रेमसकट २४ ते २८ इंच रुंदीचं एकच उभं चित्र घ्या. तेवढ्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून मास्किंग टेपने चार दिवस भिंतीला लावून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना जा-ये करू द्या. मग बोला.

कोणतं चित्र? वारली तुमच्या मनात आहे, चांगलंच आहे. पण दहा फुटांवरून बारीक माणसं, झाडं एकमेकांत मिसळतात. तारपा या वाद्याभोवतीचा नाच घ्या, ते वेटोळं लांबूनही ओळखू येतं. छापील प्रिंटऐवजी डहाणू-जव्हारकडच्या कलाकाराच्या हातचं मिळालं तर थोडे जास्त पैसे द्या. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. गेरूवर तांदळाच्या पिठाने ओढलेली रेघ जवळून पाहिली की प्रिंट नको वाटते.

देवाच्या फोटोबद्दल सासूबाईंशी शांतपणे बोला. फोटो आला की रोज पुसणं, फूल, उदबत्ती आलीच, आणि लँडिंगवर दर खेपेला देवाकडे पाठ होते. देवाची जागा देवघरातच, असं मला वाटतं. पण रामकुंडाचं किंवा नारोशंकराच्या देवळाचं जलरंगातलं चित्र दोघींनाही आवडेल. ज्येष्ठ निसर्गचित्रकार शिवाजी तुपे आपल्या नाशिकचेच होते. घाट रंगवणारे तरुणही इथे बरेच आहेत. कोणाकडून तरी तुमच्या मापाचं करून घ्या.

आता ओल. भिंत बाहेरची असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. माझं एक जलरंगातलं चित्र दुसऱ्याच श्रावणात तपकिरी ठिपक्यांनी भरलं. भिंत वरून कोरडी दिसत होती, फ्रेम मात्र तिला चिकटून बसली होती. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा, हवा खेळती राहते. पाठीला एमडीएफ नको, ओल धरून फुगतं. मागे दोन कड्या, भिंतीत दोन स्क्रू, म्हणजे फ्रेम तिरकी होत नाही. काच असेल तर वरून उतरताना दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते. दिवा लावून, कोणाला तरी काच धरायला सांगून आधी बघून घ्या. वळणावर मी काचेऐवजी ॲक्रिलिकच लावते, फुटून तुकडे पडायची भीती नाही.

सध्या, मे महिन्यात, भिंतीवर ऊन येत नाही म्हणालात. ते खरं, पण त्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे मावळतो, डिसेंबरात दक्षिणेकडे सरकतो. तुमची भिंत उत्तरेची, म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळचं तिरपं ऊन थेट तिच्यावर पडणार. जलरंग अशा उन्हात विटतात. आजेसासूबाईंच्या येवल्याच्या पैठणीचा पदर फ्रेम करायचं शेवटी विचारलंत. कल्पना फार सुंदर आहे. तो फेविकॉलने चिकटवू देऊ नका, धुतलेल्या सुती कापडावर रेशमी धाग्याने टाचून घ्या, आणि काच कापडाला टेकू नये म्हणून मध्ये अर्धा इंच पट्टी घालायला सांगा. फक्त खिडकीला जाड पडदा लागेपर्यंत तो पदर कपाटातच राहू द्या.