मान डोलावणाऱ्या रुग्णाला शिकवायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : मेडिसिन वॉर्डात तुमचे हे दुसरे वर्ष आहे, मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना तुम्ही मनापासून समजावून सांगता, तक्ते दाखवता, पत्रके देता, ते सगळे मान डोलावतात आणि महिन्याभरात त्याच तक्रारी घेऊन त्याच खाटेवर परत येतात; तेव्हा चुकते कोठे, रुग्णाचे की तुमचे? कोल्हापुरात २६ वर्षे नोकरी केलेली, त्यातली बहुतेक वर्षे अशाच वॉर्डात काढलेली परिचारिका म्हणून उत्तर देते. चूक बहुतेक वेळा रुग्णाची नसते. ती 'समजलं का?' या आपल्या प्रश्नात असते.

या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, ते म्हणजे 'व्हय'. पांढऱ्या कपड्यातल्या बाईला 'नाही कळले' असे सांगणे आपल्या माणसांना अपमानाचे वाटते, शिवाय सिस्टरांना कामे फार आहेत हे त्यांना दिसत असते. म्हणून 'व्हय' हा शब्द समजल्याची खूण धरू नये, तो सौजन्याचा शब्द आहे. हे मला ज्यांच्यामुळे कळले, त्या एका आजींची हकीकत जरा सविस्तर सांगते.

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या या आजी साखर फार वाढल्यामुळे दाखल झाल्या होत्या आणि घरी जाताना त्यांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू झाले होते. मी त्यांना बाटली, सिरिंज, पोटावरची जागा सगळे दाखवले, त्यांनी 'कळलं की' म्हटले आणि मी नोंदवहीत 'हेल्थ एज्युकेशन दिले' असे लिहून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी त्या पुन्हा दाखल झाल्या, साखर पहिल्याहून वाईट. राउंडला 'इंजेक्शन घेत नसणार' असे सगळ्यांनीच गृहीत धरले. आजी मात्र रडकुंडीला येऊन सांगत होत्या, 'मी रोज घेतो की सिस्टर, एक दीस बी चुकवला न्हाई.' दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, 'आजी, घरी कसं घेता, तेवढं मला करून दाखवा.' त्यांनी पिशवीतून बाटली काढली, ती मांडीवर सरळ उभी धरली, वरून सुई टोचली आणि दट्ट्या ओढला. सुईचे टोक औषधाच्या वर, बाटलीतल्या रिकाम्या जागेत होते. सिरिंजमध्ये हवा आली. मोतीबिंदूमुळे त्यांना ना रेघा दिसत होत्या, ना आत औषध नाही हे दिसत होते. तीन आठवडे ही बाई दिवसातून दोनदा, अगदी वेळेवर, पोटात हवा टोचून घेत होती.

बाटली उलटी धरायची हे मी त्यांना सांगितले नव्हते असे नाही. मी सांगितले होते, करूनही दाखवले होते. पण त्यांच्या हातून एकदाही करून घेतले नव्हते, आणि त्यांना रेघा दिसतात का हे तर विचारलेच नव्हते. मग चौकशी केली तेव्हा घरात आठवीतला नातू आहे असे कळले. त्याला बोलावून घेतले. सकाळी शाळेला जाण्याआधी आणि संध्याकाळी तालमीला जाण्याआधी सिरिंज भरणे त्याच्याकडे, टोचणे आजींकडे, अशी वाटणी झाली आणि त्या दोन वेळा त्यांच्या जेवणाशी जुळतात की नाही हे डॉक्टरांना विचारून घेतले. ज्याचा हात ते काम करणार आहे त्याला शिकवायचे, मग तो रुग्ण असो वा नसो.

तेव्हापासून मी 'समजलं का?' हा प्रश्न सोडला. त्याऐवजी म्हणते, 'मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू दे. घरी गेल्यावर सूनबाईला तुम्ही हे कसं सांगाल?' यात परीक्षा माझी होते, रुग्णाची नाही, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलतो. सांगताना जे सुटेल तेवढेच पुन्हा सांगायचे आणि पुन्हा विचारायचे. हाताचे काम असेल तर बोलून भागत नाही, ते करूनच घ्यावे लागते, आणि तेही घरचेच सामान हातात देऊन.

सामानाचा मुद्दा मी मुद्दाम काढला, कारण इन्सुलिनमध्ये सर्वांत धोक्याची चूक तेथेच होते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते; पेनमधल्या औषधात एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात आणि १०० युनिटची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. ४० च्या बाटलीतले औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजने १२ च्या रेघेपर्यंत घेतले, तर प्रत्यक्षात पाचही युनिट जात नाहीत. उलट १०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर अडीच पट जाते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. हा हिशेब रुग्णाला सांगत बसू नका. त्याची बाटली आणि त्याची सिरिंज शेजारी शेजारी ठेवा, बाटलीवरचा आकडा त्याच्या किंवा नातवाच्या बोटाने शोधून घ्या आणि औषधाच्या दुकानात जाताना जुने टोपण सोबत न्यायला सांगा. दुधाळ दिसणारे इन्सुलिन असेल तर बाटली हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत हळू फिरवायची, हेही हातानेच शिकवायचे.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. वापरात असलेली बाटली घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. फ्रीज नसलेल्या घरांत मी घट्ट झाकणाच्या डबीत बाटली घालून ती डबी ओल्या मडक्यात ठेवायला सांगते. मडके रोज ओले करण्याचे काम कोणाचे, हे मात्र घरातल्या एका माणसाच्या नावावर करून घेते.

साखर उतरल्याची लक्षणे इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या शेजाऱ्याला ठाऊक असलीच पाहिजेत : घाम, थरथर, छातीत धडधड, भूक, चिडचिड. मोजता आली आणि ७० च्या खाली असली तर, किंवा मोजण्याचे साधन नसले तरी ही लक्षणे दिसताच, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचे, बरे वाटले की जेवायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा.

वेळेबद्दल थोडे सांगणे भाग आहे. आपण शिकवतो ते डिस्चार्जच्या दिवशी, आणि त्याच्याइतकी वाईट वेळ दुसरी नाही. मुलगा बिलाच्या खिडकीवर असतो, रुग्णाचे लक्ष गावाकडच्या एसटीकडे असते आणि हातात गोळ्यांच्या पिशव्या असतात. तुम्हाला वेगळा वेळ मिळत नाही हे मला पक्के माहीत आहे. चाळीस खाटांना दोन सिस्टर असताना कोण वर्ग भरवणार? म्हणून वेगळा वेळ शोधू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक डोस ही शिकवणी समजा. सकाळचे इन्सुलिन देताना पहिल्या दिवशी फक्त बाटली ओळखून घ्या, दुसऱ्या दिवशी सिरिंज त्याच्या हातात द्या, तिसऱ्या दिवशी तुम्ही फक्त बघत उभ्या राहा. रोजची तीन मिनिटे पुरतात. अमेरिकेतल्या परिचर्या-अभ्यासक डोरोथिया ओरेम यांचा स्व-काळजीचा सिद्धांत आपण सर्वांनी परीक्षेपुरता पाठ केला. त्यातली रुग्णाचे सगळे करणारी परिचारिका, अर्धे करणारी परिचारिका आणि केवळ आधार देऊन शिकवणारी परिचारिका या तीन पायऱ्या एकाच खाटेपाशी चार दिवसांत दिसतात, हे मला बरेच उशिरा उमजले.

आता आहाराकडे येते, कारण येथे आपले बोलणे सर्वांत पोकळ असते. 'मीठ कमी करा' हे वाक्य मी तर पूर्ण बंद केले आहे. प्रत्येक जण 'आम्ही कमीच खातो' म्हणतो आणि तो खोटे बोलत नसतो, कारण वरून मीठ न घेणे म्हणजेच कमी खाणे अशी त्याची समजूत असते. मी विचारते, 'घरात खाणारी माणसं किती आणि किलोचा मिठाचा पुडा किती दिवस जातो?' प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा किमान चाळीस दिवस तरी जायला हवा. वीस दिवसांत संपत असेल, तर त्या घरातल्या बाईला तुमचा मुद्दा एका क्षणात कळतो, तक्ता लागत नाही. त्यातही आपल्या भागातली खरी मेख चटणीत आहे. उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसूण चटणी करताना तिच्यात मीठ घातलेले असते, मग कालवणात चटणी पडते आणि वर मीठही पडते. पण चटणीतले मीठ हिशेबात कोणीच धरत नाही. तांबड्या रश्श्यावर बंदी घालून काही साधत नाही. पुढच्या वर्षीची चटणी करताना मीठ निम्मे घाला आणि लोणचे, पापड, खर्डा यांपैकी ताटात एका वेळी एकच ठेवा, इतके सांगितले तर ते होते. मात्र हे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सांगा. जेवणाऱ्या काकांना सांगून त्यांचे सुनेशी भांडण लागते, एवढेच.

मधुमेहात गूळ चालतो ही समजूत आपल्या जिल्ह्यात सहज निघायची नाही. उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या गावात गुळाला नावे ठेवणारी सिस्टर परकी वाटते. मी गुळाला वाईट म्हणत नाही. 'काका, तो उसाच्याच रसाचा, साखरही त्याच रसाची, रक्तात गेल्यावर दोघांचा गुण एकच' एवढेच म्हणते, आणि शक्य असेल तर त्यांच्याच साखरेच्या दोन तपासण्यांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवते.

पायांच्या बाबतीत माणसे लवकर ऐकतात, कारण बोट कापलेला कोणीतरी प्रत्येक गावात असतोच. तरीही 'पायांची काळजी घ्या' म्हणू नका. रात्री झोपण्याआधी मोजे किंवा चप्पल काढून तळवा, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा, नजर कमी असेल तर दुसऱ्याने बघायचे. संवेदना कमी झालेल्या पायाला नव्या, कडक कातड्याच्या कोल्हापुरी चपलेने फोड आला तरी कळत नाही, हे सांगताना मला आमच्याच चपलेचा राग येतो असे रुग्णांना वाटते. पण उसाच्या सडात अनवाणी फिरणारा पाय आणि अंगठ्यात करकरणारी नवी चप्पल या दोन्हींनी झालेल्या जखमांचे ड्रेसिंग मी केलेले आहे. पाणी गरम आहे का हे पायाने नव्हे, कोपराने पाहायचे.

तंबाखू आणि मिश्रीबद्दल मी कमीच बोलते. ज्याने सोडायचे मनात आणलेले नाही त्याला फुप्फुसांची चित्रे दाखवली, तर तो जिन्याखाली जाऊन चिमूट लावून येतो. 'कधी सोडावीशी वाटली होती का?' एवढे विचारावे. वाटली होती असे उत्तर आले तर पुढचे बोलणे आपोआप सुरू होते. नाही आले तर दार उघडे ठेवून गप्प बसावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पुस्तकात मला सापडली नव्हती, ती २०१९ च्या महापुराने शिकवली. पंचगंगेचे पाणी चढले तेव्हा माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. गोळ्या, बाटल्या, कागद सगळे घरात राहिले आणि आपण कोणती गोळी घेतो हे पुष्कळांना सांगता येईना. २०२१ ला पुन्हा तेच दिवस आले. तेव्हापासून नदीकाठच्या गावांतल्या प्रत्येक रुग्णाला मी मे महिन्यातच एक काम देते : आठवड्याच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळच्या खुंटीला लावायची, आणि गोळ्या जुन्या होऊ नयेत म्हणून दर महिन्याला बदलायच्या.

आपली हद्दही ओळखावी. डोस वाढवणे, गोळी बंद करणे, 'हे घेतले नाही तरी चालेल' असे म्हणणे आपले काम नाही. रुग्ण असे काही विचारू लागला की त्याचा प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांच्या कानावर घालणे हे आपले काम आहे. आणि पैशाअभावी औषध थांबले असेल तर त्या माणसाला शिकवण्याची गरज नसते, त्याला समाजसेवा अधीक्षकांकडे नेऊन बसवण्याची गरज असते.

शेवटी नोंदीबद्दल, कारण माझी चूक तेथेच लपली होती. 'हेल्थ एज्युकेशन दिले' हे वाक्य लिहिणे आजपासून थांबवा. तुम्ही काय सांगितले ते नव्हे, रुग्णाने काय केले ते लिहा. उदाहरणार्थ : 'लाल टोपणाची सिरिंज स्वतः ओळखली. बाटली उलटी धरून १२ युनिट भरले. पहिल्यांदा बुडबुडा राहिला, दुसऱ्यांदा बरोबर. सून समोर होती, तिने एकदा भरून पाहिले. साखर उतरल्याची तीन लक्षणे सांगितली, घाम सांगायचा राहिला. पायांची तपासणी अद्याप शिकवलेली नाही.' नाइटच्या सिस्टरने ही नोंद वाचली की तिला कोठून पुढे जायचे ते विचारावे लागत नाही.