येमेनमध्ये कोविडच्या रुग्णांचे एवढे मृत्यू व्हेंटिलेटर नव्हते म्हणूनच झाले का?

फक्त तेवढ्यानेच नाही. येमेनमध्ये पहिला रुग्ण एप्रिल 2020 मध्ये सापडला, तेव्हा युद्धामुळे देशातली जेमतेम निम्मी आरोग्यकेंद्रं पूर्णपणे चालू होती. एडनमध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने मे महिन्यात अल-अमल रुग्णालयातलं कोविड केंद्र चालवायला घेतलं. तिथे बरेच रुग्ण पोहोचायचे तेच शेवटच्या अवस्थेत. मग व्हेंटिलेटर असूनही हात टेकावे लागत.

खरी ओढाताण ऑक्सिजनची. मिनिटाला 15 लिटर लागणाऱ्या एकाच रुग्णाला 7,000 लिटरचा जम्बो सिलिंडर आठ तासही पुरत नाही. (2021 मध्ये आपणही रिकामे सिलिंडर घेऊन रांगा लावल्याच की!) त्यात वीज बेभरवशाची, डिझेल महाग. आणि अतिदक्षता विभाग सांभाळणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका विमानाने मागवता येत नाहीत.